लांगवाखचा कुडू

मुलीच्या, लिझेलच्या, लग्नाच्या पंगतीला लागणारं शिकारीचं मांस आपण स्वतः आणणार, असं हरमानस मासडॉर्प रविवारच्या जेवणात बोलून गेला आणि टेबलावरचं बोलणंच थांबलं. त्याची बायको सना हातातला बटाट्याचा डाव तसाच धरून राहिली. लिझेलने होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. आणि सनाचा भाऊ अब्राम, ज्याने या घरातल्या प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला आणि एका घटस्फोटालासुद्धा कुडूचं मांस पुरवलं होतं, त्याने काटा-सुरी खाली ठेवली.

"दाजी, तुम्ही?"

"का? मी का नाही?"

"तसं नाही. पण कुडू म्हणजे मीटर नव्हे, दाजी. तुम्ही आकडे लिहून घेईपर्यंत तो जागेवर उभा राहत नाही."

हरमानस रेहोबोथ गावच्या पाणीखात्यात मीटर वाचणाऱ्यांचा हेडक्लार्क होता. या टोमण्यावर सगळे हसले, सनासुद्धा, आणि तिथेच मामला हाताबाहेर गेला. माणूस बायकोच्या भावाचं हसणं पचवतो. बायकोचं पचवत नाही.

तसं पाहिलं तर अब्रामचं खोटं नव्हतं. कुडू म्हणजे रानातलं हरीण, पण बैलाएवढं अंग, मळसूत्रासारखी पिळाची शिंगं आणि माणसाची चाहूल लागायच्या आत डोंगरात विरून जाण्याची कला. हरमानसकडे वडिलांची जुनी बंदूक होती, आणि तिने आजवर भिंतीवरच्या खिळ्याखेरीज कशालाही इजा केलेली नव्हती.

शिकारीची सोय करून देणारा एजंट बाजारातल्या केशकर्तनालयाच्या मागच्या खोलीत बसायचा. नाव फ्लोरिस. खोलीत केस कुरळे करण्याच्या औषधाचा असा वास होता, की बोलता बोलता डोळ्यांत पाणी येई आणि गिऱ्हाईक भारावून गेल्यासारखं दिसे. त्याने एक रंगीत पत्रक पुढे सरकवलं. त्यावर जिराफ होता.

"जिराफ आहेत तिथे?" हरमानसने विचारलं.

"जिराफ नाहीत साहेब. पण वातावरण तसंच आहे."

"आणि कुडू?"

फ्लोरिस थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. "कुडू आहे," तो म्हणाला. "कुडूची मी खात्री देतो. समोर येऊन उभा राहील. नाही आला तर पैसे परत. लांगवाख फार्म. मालक स्टेफानसकाका जातीने घेऊन जातात."

इतर एजंट "कुडू आहेत" म्हणतात, हा "कुडू आहे" म्हणाला, हे हरमानसच्या लक्षात यायला हवं होतं. पण डोळ्यांतून पाणी वाहत असताना माणूस व्याकरण बघत नाही.

मग परवाना. परवान्याच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"स्टेफानस स्टीन? लांगवाखचे? त्यांची सही आहे यावर?"

"आहे ना. ही काय."

"मी त्यांच्या मयताला गेल्यासारखं मला आठवतंय," बाई म्हणाल्या. "बटाट्याचं सॅलड फार छान होतं."

"दुसरे कुणी असतील."

बाईंनी विचार केला. मागे रांग होती. "सही आहे ना," त्या म्हणाल्या, "मग माणूस आहे." आणि शिक्का मारला.

एव्हाना बातमी गल्लीभर झाली होती. समोरच्या विधवा बाईंनी बुटांना मेंढीच्या लेंड्या चोळायला सांगितलं, म्हणजे जनावराला माणसाचा वास येत नाही. हरमानसने चोळल्या. त्या दिवसापासून बूट अंगणात राहायला लागले. चर्चच्या गायकवृंदातल्या मित्राने श्वास रोखून धरायची तालीम घ्यायला लावली. पण शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर टिमोटेउस यांनी लांगवाखचं नाव ऐकलं आणि ते कुंपणापासून मागे सरकले.

"तिकडे मी टपाल द्यायचो," ते म्हणाले. "दुष्काळात त्या बाजूची सगळी जनावरं मेली. तरी लोक तिथे जातात आणि कुडू मारून येतात. कुठून येतो कुडू? मी म्हातारा माणूस, मी काही बोलत नाही. पण तिकडचे लोक म्हणतात, तिथे मेलेलं मरत नाही."

आणि मग खुद्द अब्राम आला. संध्याकाळी, एकटाच, फाटकापाशी. आत यायलाही तयार होईना.

"लांगवाखला चाललात म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"दाजी, तिथे जाऊ नका. मी मांस आणून देतो. तुम्ही आणलंत असं सांगू आपण. मी शब्द काढणार नाही."

ज्या माणसाने आपल्या शिकारीची जागा सख्ख्या बहिणीला कधी सांगितली नाही, तो शपथेवर फुकटचं श्रेय वाटत होता. हरमानसने याचा अर्थ एकच लावला: मत्सर. त्याची छाती भरून आली. त्याने अब्रामच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "घाबरू नकोस. तुझाही मान राहील."

अब्रामने त्याच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि तो निघून गेला.

सनाने ताकातले टोस्ट भाजून डबा भरून दिला, आणि हरमानस निघाला. फ्लोरिस फाट्यावर भेटणार होता, तो भेटला नाही. फोनवर म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी मागून आलोच." त्यानंतर तो फोन लागलाच नाही. डांबर संपलं, खडी सुरू झाली, मग नुसता दगड. दोन्ही बाजूंना करडे डोंगर आणि मधे कोरडी नदी. वाटेत लागलेली सगळी फाटकं सताड उघडी होती. गुरांच्या मुलखात फाटक उघडं टाकणं हा गुन्हा समजतात. कुणी उघडं टाकत असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की आत राखण्यासारखं काही उरलेलं नाही. एक पक्षी दिसला नाही. हरमानसने सोबतीला म्हणून भजन सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्याला स्वतःच्याच आवाजाने दचकून थांबवलं.

घराच्या व्हरांड्यात काळ्या कपड्यांतली एक उंच म्हातारी उभी होती, जणू सकाळपासून तशीच उभी असावी. ती काट्रीना स्टीन, स्टेफानसची बायको.

"या," ती म्हणाली. "उशीर झाला तुम्हाला. सगळ्यांनाच होतो."

"स्टेफानसकाका?"

"डोंगरावर आहे." तिने हनुवटीने वर दाखवलं. वर काही नव्हतं.

"मावशी, जनावरं बरीच आहेत ना इकडे?"

"पाय मोकळे करून या," मावशी म्हणाली. "मग जेवू."

हरमानस हिंडून आला. पवनचक्कीच्या हौदाभोवतीची माती कोरडी ठणठणीत होती. एक लेंडी नाही, एक माग नाही. मीटर वाचणाऱ्याची नजर म्हणून तो बारकाईने बघत गेला. शेवटी माग सापडले ते पाहुण्यांच्या खोलीपाशी, जिथे त्याची बॅग ठेवली होती. एकाच जनावराचे, मोठ्या खुरांचे, जुन्यावर नवे. खोलीला गोल वेढा घालून ते खिडकीपाशी येत, आणि तिथली माती उभं राहून राहून दबली होती. खिडकीच्या काचेवर, हरमानसच्या डोक्याच्या उंचीवर, ओल्या श्वासाचे वाळलेले डाग होते.

तो घरात परतला तो जरा भरभरच. बैठकीची एक आख्खी भिंत फोटोंनी भरली होती. प्रत्येक फोटोत एक शिकारी, मांडीवर बंदूक, आणि शेजारी आडवा पडलेला कुडू. हरमानस कौतुकाने बघत गेला. तिसऱ्या-चौथ्या फोटोला त्याची पावलं मंदावली. कुडूच्या डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं होतं. शेजारच्या फोटोतल्या कुडूचंही. त्याच्या वरच्याचंही. त्याने सगळी भिंत पाहिली. माणसं बदलत होती, टोप्या बदलत होत्या, मिशा येत होत्या नि जात होत्या. कुडू तोच होता. तुटलेलं शिंग तेच, गालावरचा पांढरा ठिपका तोच, फक्त मान हळूहळू पांढरी होत चाललेली. इतक्या माणसांनी इतक्या वर्षांत एकाच जनावराला मारलं होतं, आणि ते मरता मरता म्हातारं होत होतं.

आणि कोपऱ्यातल्या फोटोत, गुडघा टेकून, छाती काढून, अब्राम बसला होता.

हरमानस व्हरांड्यात आला आणि खांबाला धरून उभा राहिला. ऊन कलत होतं. वारा पडलेला होता. नदीपात्रातल्या काटेबाभळीखाली, मघाशी जिथे नक्की काही नव्हतं, तिथे तो उभा होता. डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं. गालावर ठिपका. कान पुढे करून तो हरमानसकडे बघत होता, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा. हरमानसने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो जरा जवळ आला होता.

जेवणाला तीन ताटं होती. मावशीने तिसऱ्या ताटात कोकराचं मांस वाढलं, रस्सा ओतला आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "यांना मांस लग्नासाठी हवंय. मुलीचं लग्न आहे." मग थोडं थांबली, जणू उत्तर ऐकलं, आणि हरमानसकडे वळली. "तो विचारतो, मुलगा चांगला आहे का?"

"चांगला आहे," हरमानस खुर्चीला म्हणाला. "बँकेत आहे." वाडवडिलांनी शिकवलेला शिष्टाचार तो विसरला नाही, याची नोंद घेतली पाहिजे.

त्या रात्रीविषयी हरमानस पुढे कधी कुणाशी बोलला नाही, तेव्हा आपणही बोलू नये. एवढंच, की सकाळी मावशीने हाक मारली तेव्हा खोलीतलं सगळं सामानसुमान दाराला टेकवलेलं होतं, आणि ते हलवून बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला. बूटही त्याने आतच घेतले होते. त्यांच्या वासाने डोकं धरलं होतं.

"चला," मावशी म्हणाली. "तो वाट बघत असेल."

"कोण? स्टेफानसकाका?"

"नाही. तो."

तिच्या हातात जुना कॅमेरा होता. नदीपात्रात थंडी दगडासारखी साचलेली होती. काटेबाभळीपाशी मावशी थांबली आणि म्हणाली, "इथून मारा. इथून कुणाचाच नेम चुकणार नाही."

कुडू झाडामागून बाहेर आला. हरमानसने बंदूक उचलली. श्वास रोखला, ती तालीम तेवढी कामाला आली. नळीच्या टोकाला तुटकं शिंग आलं, मग ठिपका, मग डोळा. कुडू चालत राहिला. पळाला नाही, बिचकला नाही. त्याच्या खुरांचा आवाज येत होता आणि घशातून म्हाताऱ्या माणसासारखी घरघर. भुतं धापा टाकत नाहीत, असं हरमानसच्या मनात आलं, आणि तेवढ्यात कुडूने बंदुकीची नळी मानेने बाजूला सारली, त्याच्या कोटाच्या खिशात नाक घातलं आणि सनाचा टोस्ट बाहेर काढला.

हरमानसने रोखलेला श्वास सोडला. तो खाली दगडावर बसला.

"मारा ना," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "पैसे दिलेत तुम्ही. मी कुणालाच मारू नका म्हणत नाही. जनावर समोर आहे, बंदूक तुमच्या हातात आहे. आजवर एकानेही चाप ओढला नाही, त्याला मी काय करू?"

मग तिने सांगितलं. दुष्काळात सगळं गेलं, तेव्हा स्टेफानसने हे पाडस बाटलीने वाढवलं. पुढे स्टेफानसच गेला. फ्लोरिस तिचा भाचा. त्याने आधीच एका गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन ठेवलेले, ते खर्चून झालेले. तो माणूस आला, त्याच्यासमोर हा जाऊन उभा राहिला. त्याला मारवेना आणि रिकाम्या हाताने घरीही जाववेना. कुडू सवयीने त्याच्या शेजारी आडवा झाला. "तो माणूस म्हणाला, मावशी, एक फोटो काढता का? तेव्हापासून हे चाललंय. सही मीच करते. लग्न झाल्यापासून त्याच्या सह्या मीच करत आले, त्याला कंटाळा यायचा."

"आणि अब्राम?" हरमानसने विचारलं. "तो कोपऱ्यातला?"

"त्याचा फोटो दोनदा काढावा लागला. पहिल्यात रडून डोळे लाल आले होते." तिने कॅमेऱ्याची काच झग्याने पुसली. "मांस सगळे फाट्यावरच्या खाटकाकडून नेतात. तो विचारत नाही."

मेव्हण्याची इतक्या वर्षांची मिजास अशी आयती हातात आली होती आणि त्याला हवा तसा आनंद होईना. कुडूने खिशातले उरलेले टोस्ट संपवले, गोल फिरून जागा पाहिली आणि पुढचे गुडघे टेकत, कण्हत, त्याच्या शेजारी आडवा झाला. डोकं सरळ हरमानसच्या मांडीवर ठेवलं. ते विलक्षण जड होतं आणि उबदार होतं.

"फोटोत रक्त नसलं तरी चालतं," मावशी कॅमेरा डोळ्याला लावत म्हणाली. "विचारतं कोण. शिंग धरा. हसा जरा."

हरमानसने शिंग धरलं. हसला. मांडीवर ऊन श्वास लागत होता. एक दीर्घ श्वास आला. मग पुढचा येईना. कळ दाबल्याचा आवाज झाला.

"झालं," मावशी म्हणाली. "ऊठ रे आता." मग पुन्हा, हलक्या आवाजात, "ऊठ रे."

हरमानस तसाच शिंग धरून बसला होता. चेहऱ्यावरचं हसू काढून टाकायचं त्याला सुचलं नाही. नदीपात्रात इतकी शांतता होती, की मावशीच्या काळ्या झग्याची सळसळ तेवढी ऐकू आली. ती वाकली आणि तिने कुडूच्या नाकपुडीपुढे तळहात धरला.

हात मागे घेत ती म्हणाली, "हा तुमचा आहे. पैसे दिलेत. घरात सुरे आहेत. लग्नाचं मांस होईल."

ती मनापासून बोलली होती, आणि हरमानसने तिच्यासमोर कबूल केलं नसतं तरी क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढे जेवणाचं टेबल आलं, अब्रामचा चेहरा आला. कुणी म्हणू शकलं नसतं, की हे मांस खाटकाचं आहे.

"कुदळ आहे का?" त्याने विचारलं.

डोंगरावर माती जेमतेम, बाकी सगळा खडक होता. दोरखंड बांधून हरमानसने आपल्या गाडीने कुडूला वर ओढत नेलं. तिथे चुन्याने रंगवलेला एक दगड होता, त्यावर स्टेफानस स्टीन हे नाव.

"सांगितलं होतं की," मावशी म्हणाली. "डोंगरावर आहे."

त्याने कोट काढून, बाह्या सरसावून खणलं. पाणीखात्यात पेनापेक्षा जड काही न उचललेल्या तळहातांची सालं निघाली. मावशी माती ओढत होती. शिंगं काही खड्ड्यात मावेनात. टोकं वर राहिली. त्यांच्यावर दगड रचताना तिने तुटक्या टोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता कोण येणार?" हरमानसने पुढचा दगड उचलला. दुपारी तिने तीन ताटं काढली, थबकली, आणि एक परत फळीवर ठेवलं.

फाट्यावरच्या खाटकाने गाडी बघितली आणि न विचारता दुकानाचा शिक्का नसलेल्या मांसाच्या पोत्यांना हात घातला. "लांगवाखहून ना? कुडू तयार आहे. दुसऱ्या फार्मचा, पण कुडूच."

"कुडू नको," हरमानस म्हणाला. "बकरी द्या."

खाटकाने त्याला नीट न्याहाळलं. "लांगवाखहून येऊन बकरी कुणी मागितली नाही आजवर. शिक्के खरवडून देऊ?"

"असू देत."

घरी सनाने शिक्के पाहिले, त्याचे हात पाहिले आणि काहीच न बोलता हातांना चरबी लावून दिली. बाईच्या शहाणपणाला कधीकधी तोड नसते. लग्नही थाटात झालं असतं आणि प्रकरण बकरीच्या रश्श्यात बुडालं असतं. पण एजंट तो एजंट. फाट्यावर न येणारा, फोन न उचलणारा, पैसे परत करायचं नावही न काढणारा फ्लोरिस नेमका लग्नाला हजर झाला, आणि येताना भलीमोठी चौकट घेऊन आला. "कंपनीतर्फे," तो म्हणाला आणि ती सगळ्यांसमोर उघडली.

हरमानस शिंग धरून हसत होता. पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. टिमोटेउस छातीवर क्रूस काढत दोन पावलं मागे सरकले.

"मी मारला नाही त्याला," हरमानस उठून म्हणाला. त्याला खरं सांगायचं होतं. "तो पाळलेला होता. त्याने माझे टोस्ट खाल्ले आणि माझ्या मांडीवर म्हातारपणाने मेला."

मंडप हसून हसून कोसळला. काय हा विनय, समोरच्या विधवा बाई डोळे पुसत म्हणाल्या. दुसऱ्या टेबलावर ठरलं, की सगळं मांस त्याने गरीब म्हातारीला देऊन टाकलं असणार, म्हणून तर पंगतीला बकरी. हरमानसने पुन्हा सांगितलं. जितकं नीट सांगावं तितके लोक जास्त हसत होते.

"खरंय ते," अब्राम जागेवरून म्हणाला. "दाजी सांगतात ते अक्षर न् अक्षर खरं आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच तो शिकारीबद्दल खरं बोलला होता. त्यावरही लोक हसले.

मग तो उठून चौकटीपुढे जाऊन उभा राहिला आणि हातातला ग्लास कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखा बराच वेळ तिथेच राहिला. हरमानस त्याच्याजवळ गेला. किती दिवस मनात घोळवलेले टोमणे होते. एकही आठवेना.

"माझ्या फोटोत त्याचा कान उभा आहे," अब्राम हळूच म्हणाला. "माणसाचं बोलणं ऐकल्यासारखा. फोटो दाखवताना मी नेहमी त्यावर अंगठा धरतो." त्याने बोटाने काचेला स्पर्श केला. "यात कान पडलाय, दाजी."

"हो."

"कुठे ठेवलंत?"

"वर डोंगरावर. स्टेफानसच्या शेजारी."

अब्रामने मान हलवली. मंडपात वाजंत्री सुरू झाली होती आणि सना दोघांना हाका मारत होती.

"मावशी आता अगदी एकटी असेल," तो म्हणाला. "सकाळी तुमची गाडी काढता का? माझ्या गाडीला ते दगड झेपत नाहीत."